एडिटिंग सॉफ्टवेअर सारखं बंद पडतंय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी.

एडिटिंग सॉफ्टवेअर क्रॅश व्हायला लागलं की बहुतेक जण एका दमात सगळंच करून बसतात. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्डासारखं हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) अपडेट केला, कुठलंतरी क्लीनर चालवलं, तरी जमेना म्हणून विंडोजला फॉरमॅट मारला. कधीकधी यातून काम चालूही होतं. पण नक्की कशामुळे झालं ते कळत नाही, आणि पुन्हा तीच अडचण आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आज आपण आधी क्रॅश कुठे होतो, कसा होतो ते बघणार आहोत, आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलणार आहोत. वेळ जातो, मान्य आहे. पण दुखणं सापडतं.

त्याआधी एक काम. प्रोजेक्ट फाइलची कॉपी काढून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. क्लिप्सची नाही, फक्त प्रोजेक्टची. ऑटोसेव्हच्या फोल्डरमधली शेवटची फाइलही बाजूला काढा. दाविंची रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट डेटाबेसमध्ये राहतो, त्यामुळे तिथे प्रोजेक्ट मॅनेजरमधून एक्सपोर्ट करून घ्या. आणि काम अर्धवट असताना सॉफ्टवेअरची मोठी नवी आवृत्ती टाकू नका. नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत सहसा परत उघडत नाही, आणि तुमचा परतीचा रस्ता बंद होतो.

आता तुमच्याकडे नक्की काय होतं ते ठरवा. खिडकी पांढरी पडून वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' आलं, तर तो अजून क्रॅश नाही. टास्क मॅनेजर उघडा. डिस्क किंवा प्रोसेसरवर काम चाललेलं दिसत असेल तर हात लावू नका, थांबा. फक्त सॉफ्टवेअर गायब झालं आणि बाकी कॉम्प्युटर ठणठणीत असेल, तर दोष सॉफ्टवेअर, प्लगइन, ड्रायव्हर किंवा एखाद्या फाइलमध्ये. स्क्रीन क्षणभर काळी झाली, परत आली आणि मग सॉफ्टवेअर गेलं, तर बोट ग्राफिक्सकडे जातं. आणि अख्खा कॉम्प्युटरच रिस्टार्ट झाला किंवा खटकन बंद पडला, तर सॉफ्टवेअर दहा वेळा इन्स्टॉल करूनही काही हाती लागणार नाही. तिथे उष्णता, पॉवर सप्लाय आणि रॅम बघायची.

(स्क्रीनवर: स्टार्ट मेनूत 'रिलायबिलिटी' टाइप करताना)

विंडोज याची नोंद ठेवतं, आणि ती फार कमी लोक उघडून बघतात. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येईल. दिवसांचा तक्ता दिसतो, ज्या दिवशी काही बंद पडलं तिथे लाल फुली असते. फुलीवर क्लिक करा, खाली सॉफ्टवेअरचं नाव दिसेल, त्याचे तपशील उघडा. हीच माहिती इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, विंडोज लॉग्जमधल्या अ‍ॅप्लिकेशनखाली, इव्हेंट आयडी १००० या नोंदीत मिळते.

या नोंदीत एक ओळ शोधायची: फॉल्ट मॉड्यूल. म्हणजे सॉफ्टवेअर कोसळलं तेव्हा नेमका कोणता तुकडा चालू होता. नावाची सुरुवात एन-व्ही अशी असेल तर बहुधा एनव्हिडियाचा ड्रायव्हर. ए-टी-आय किंवा ए-एम-डी असेल तर एएमडीचा. आय-जी असेल तर बरेचदा इंटेलच्या ग्राफिक्सचा. तिथे तुम्ही टाकलेल्या एखाद्या प्लगइनचं नाव दिसलं, तर अर्धा शोध तिथेच संपला. पण एनटी-डीएलएल किंवा कर्नल-बेस असं नाव आलं तर घाबरून विंडोज दुरुस्त करायला बसू नका. ते विंडोजचे पायाभूत भाग आहेत, दुसऱ्याच्या चुकीनेही नोंद त्यांच्या नावावर पडते. तसंच एक्सेप्शन कोड सी, मग सहा शून्यं आणि शेवटी पाच असा असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की प्रोग्रामने मेमरीच्या नको त्या जागी हात घातला. कारण त्यातून कळत नाही. दोन-तीन क्रॅशच्या नोंदी शेजारी ठेवा. मॉड्यूल दर वेळी तोच असेल तर दिशा मिळाली. दर वेळी वेगळाच असेल, आणि ब्राउझरसारखे इतर प्रोग्रामही मधूनमधून पडत असतील, तर माझा पहिला संशय रॅमवर जातो.

आता सगळ्यात छळणारा प्रकार: एक्सपोर्ट दर वेळी साधारण त्याच टक्क्यावर मरतं. खरं तर ही चांगली बातमी आहे. हार्डवेअरचा दोष सहसा इतका वक्तशीर नसतो. टाइमलाइनवर त्या जागी काहीतरी आहे: एखादी खराब क्लिप, इफेक्ट, टायटलमधला फॉन्ट, अवाढव्य आकाराचा फोटो. ते शोधायला टाइमलाइन अर्धी करत जायचं.

(स्क्रीनवर: टाइमलाइनवर इन आणि आउट पॉइंट लावताना)

समजा टाइमलाइन एक तासाची आहे, म्हणजे ३६०० सेकंद. इन आणि आउट पॉइंट लावून फक्त पहिला अर्धा तास एक्सपोर्ट करा, सेटिंग तेच ठेवून. पडलं, तर दोषी त्या अर्ध्यात. नाही पडलं, तर दुसऱ्या अर्ध्यात. मग दोषी अर्ध्याचा पुन्हा अर्धा: १८०० सेकंद, ९००, ४५०, २२५. दहा वेळा असं केलंत की तुम्ही साडेतीन सेकंदांच्या तुकड्यावर येऊन थांबता. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण प्रत्येक एक्सपोर्ट आधीच्याच्या निम्मं असल्याने सगळे मिळून एका पूर्ण एक्सपोर्टपेक्षा जास्त वेळ खात नाहीत. त्या तुकड्यात आधी इफेक्ट बंद करून बघा, मग क्लिप. क्लिपच दोषी निघाली तर ती वेगळी कन्व्हर्ट करून तिच्या जागी बसवा.

आणि दोन्ही अर्धे स्वतंत्रपणे नीट निघाले तर? मग बहुधा कुठल्याही एका क्लिपचा दोष नाही. काहीतरी साचत जातंय, मेमरी तरी भरतेय नाहीतर उष्णता वाढतेय. त्याकडे येतोच.

आधी क्लिप्सबद्दल थोडं, कारण घरगुती एडिटिंगमध्ये निम्मी दुखणी इथूनच सुरू होतात असं माझं मत आहे. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ, स्क्रीन रेकॉर्डिंग, व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग, यांचा फ्रेम रेट बरेचदा स्थिर नसतो. वर ३० लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात प्रकाश कमी झाला की फ्रेम कमी होतात. एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र समान अंतराच्या फ्रेमवर बेतलेलं असतं. मग आवाज मागेपुढे होतो, टाइमलाइन अडखळते, आणि काही वेळा सगळंच बंद पडतं. मीडिया-इन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात क्लिप टाका आणि 'फ्रेम रेट मोड'समोर 'व्हेरिएबल' लिहिलंय का बघा. असेल तर हँडब्रेक या कन्व्हर्टरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून क्लिप कन्व्हर्ट करून घ्या आणि मगच टाइमलाइनवर आणा.

दुसरी गोष्ट कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत. एच.२६४ आणि एचईव्हीसी हे जागा वाचवण्यासाठी बनवलेत. त्यात बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात, आजूबाजूच्या फ्रेमपासून काय बदललं तेवढंच असतं. तुम्ही टाइमलाइनवर मध्येच उडी मारली की एका फ्रेमसाठी कॉम्प्युटरला मागच्या कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात. त्यात फुटेज १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारं) असेल तर बऱ्याच ग्राफिक्स कार्डांना ते उलगडताच येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. उपाय म्हणजे प्रॉक्सी. सॉफ्टवेअर क्लिपची हलकी प्रत बनवतं, तुम्ही तिच्यावर कट करता, एक्सपोर्टच्या वेळी मूळ क्लिप वापरली जाते. किंवा शटर एन्कोडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून क्लिप्स प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठी बनवलेल्या कोडेकमध्ये बदलून घ्या. यात जागा भरपूर लागते: प्रोरेस ४२२ मध्ये फुल एचडी, ३० फ्रेमचा एक तास सुमारे ६६ जीबी. डिस्कवर तेवढी जागा नसेल तर प्रॉक्सीच बरी.

आता मेमरी. फोरके फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे एक फ्रेम सुमारे ३३ एमबी. फाइल डिस्कवर कितीही लहान असू द्या, उलगडल्यावर एवढीच होते. तीस फ्रेम म्हणजे एक सेकंद, जवळपास एक जीबी. कलर ग्रेडिंगसाठी सॉफ्टवेअर ३२-बिट फ्लोटमध्ये (जास्त अचूक आकड्यांत) काम करतं तेव्हा तीच फ्रेम चौपट, सुमारे १३३ एमबी. त्यावर नॉइज रिडक्शन टाकलंत की एकाच वेळी आजूबाजूच्या फ्रेमही धरून ठेवाव्या लागतात. म्हणून फुल एचडीला १६ जीबी रॅममध्ये भागतं, पण फोरकेसाठी मी ३२ म्हणेन. रॅम वाढवणं शक्य नसेल तर ब्राउझर पूर्ण बंद करा, टाइमलाइन एचडीवर ठेवा, आणि जड इफेक्ट असलेला तुकडा वेगळा रेंडर करून तयार क्लिप म्हणून परत आणा. विंडोजची पेज फाइल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) कुणाच्या सांगण्यावरून बंद केली असेल तर परत ऑटोमॅटिकवर टाका. सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर तेही क्रॅशचं कारण असतं. एडिटिंगची कॅश (सॉफ्टवेअरने तात्पुरत्या साठवलेल्या फाइल) काढून टाकायला बिचकू नका, ती परत बनते, प्रोजेक्टला धक्का लागत नाही.

ग्राफिक्स ड्रायव्हरकडे येऊ. विंडोजचा नियम असा की ग्राफिक्स कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर ते अडकलंय असं समजून ड्रायव्हर रीसेट करायचा. स्क्रीन काळी होऊन परत येते ती यामुळे, आणि इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. काही दिवसांपूर्वी ड्रायव्हर अपडेट झाला आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला असेल, तर आधीच्या ड्रायव्हरवर परत जा. नवा ड्रायव्हर म्हणजे चांगला ड्रायव्हर, असं नसतं. एनव्हिडिया असेल तर गेम रेडीऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्यायचा, लॅपटॉप असेल तर लॅपटॉपच्या कंपनीकडेही बघा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' देणाऱ्या प्रोग्रामांपासून लांबच राहा.

ड्रायव्हरचाच दोष आहे का, हे तपासायची सोपी चाचणी: एक्सपोर्टमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग (फाइल ग्राफिक्सकडून बनवणं) बंद करून सॉफ्टवेअर एन्कोडिंग (प्रोसेसरकडून बनवणं) निवडा. वेळ बराच जास्त लागेल. पण एक्सपोर्ट शेवटपर्यंत गेलं तर ग्राफिक्सवरचा संशय पक्का होतो, आणि आजचं काम तरी हातात येतं. कार्ड ओव्हरक्लॉक केलं असेल तर मूळ वेगावर आणा, आणि स्क्रीनवर आकडे दाखवणारे ओव्हरले बंद करा.

आता अख्खा कॉम्प्युटर बंद पडणारी मंडळी. सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसेल. त्याचा अर्थ फक्त 'नीट शट डाउन न होता बंद पडला' एवढाच, पॉवर सप्लाय गेला असा नाही. एचडब्ल्यू-इन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून एक्सपोर्ट लावा आणि तापमानाचा आकडा बघत बसा. प्रोसेसर शंभरीला टेकून तिथेच राहत असेल तर पंखे आणि जाळी साफ करा, लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवा. तापमान ठीक असेल तर मेमटेस्ट-८६ ही रॅमची चाचणी रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तरी रॅमचा एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवायची सेटिंग) बंद करून पुन्हा चाचणी घ्या. तरी एरर येत असेल तर एकेक पट्टी काढून तपासा.

आणि तुमच्याकडे इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर हे नीट ऐका. यातल्या ६५ वॅट आणि त्यावरच्या प्रोसेसरांमध्ये व्होल्टेज प्रमाणाबाहेर जाण्याचा दोष २०२४ मध्ये इंटेलने मान्य केला आणि त्यावर मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली. ती मदरबोर्डच्या बायॉस (कॉम्प्युटर सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेटमधून येते, म्हणून बायॉस नवा करून घ्या. पण आधीच झालेली झीज त्याने भरून निघत नाही. बायॉस नवा केल्यावरही वेगवेगळे प्रोग्राम पडत राहिले तर प्रोसेसर बदलून मागा. इंटेलने या प्रोसेसरांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली आहे.

हे सगळं करूनही क्रॅश थांबला नाही तर सॉफ्टवेअर कंपनीला लिहा. पण 'सारखं बंद पडतं' एवढंच लिहू नका, त्यावर कुणालाच काही करता येत नाही. सॉफ्टवेअरची आवृत्ती, ग्राफिक्स ड्रायव्हरची आवृत्ती, फॉल्ट मॉड्यूलची ती ओळ, आणि शक्य असेल तर ज्या क्लिपवर पडतं ती क्लिप, एवढं जोडा. क्लिपसोबत एक नवा, रिकामा प्रोजेक्ट बनवा ज्यात फक्त ती क्लिप आणि तो इफेक्ट आहे, आणि तरीही सॉफ्टवेअर पडतं. असा प्रोजेक्ट पाठवलात की समोरच्या माणसाला तो क्रॅश स्वतःच्या कॉम्प्युटरवर करून बघता येतो.