मातीची वीट, भट्टीविना

ही वीट भट्टीत गेलेली नाही. चाळलेली माती, थोडं सिमेंट, पाणी आणि लोखंडी दांड्यावर दोन माणसांनी दिलेला जोर, एवढंच तिला लागलं. अशा विटेचं पहिलं नावाजलेलं हातयंत्र १९५० च्या दशकात कोलंबियात बनलं. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या 'अस्त्र' गटाने १९७० च्या दशकापासून या कामाला शास्त्रीय बैठक दिली. सिमेंट मिसळलेल्या मातीच्या विटांसाठी आज आयएस १७२५ हे भारतीय मानकही आहे.

विटेचं भवितव्य ठरतं मातीवर. वरचा फूट-दीड फूट थर बाजूला काढायचा. त्यातली मुळं आणि पालापाचोळा सिमेंटला नीट धरू देत नाहीत. खालची माती सरळ कडांच्या बाटलीत एक तृतीयांश भरायची, वर पाणी आणि चिमूटभर मीठ. जोरात हलवून बाटली रात्रभर ठेवून द्यायची. वाळू पहिल्या मिनिटातच तळाशी बसते, त्यावर गाळ, सगळ्यात वर चिकणमाती. वाळूचा थर दोन तृतीयांशाच्या आसपास आणि चिकणमाती दहा-पंधरा टक्के असेल, तर माती कामाची.

मराठवाडा-विदर्भातली काळी माती या परीक्षेत नापास होते. ती पाण्याने फुगते, उन्हात आकसते आणि विटेला भेगा पाडते. जास्त सिमेंट ओतून हा दोष जात नाही, फक्त खर्च वाढतो. तिच्याखालचा मुरूम चाळून त्याची बाटली लावून बघावी. आणि कोकणात जांभ्याची खाण जवळ असेल, तर यंत्र आणण्याच्या फंदात पडूच नये. चिरा आयता मिळतो.

सिमेंट वजनाने सात-आठ टक्के. पाच मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेल्या मातीत ते आधी कोरडंच कालवायचं, रंग एकसारखा होईपर्यंत. मग झारीने पाणी. पाणी किती, ते मुठीतला गोळा सांगतो. छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर टाकला आणि चार-पाच तुकडे झाले, तर बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी, चपटा होऊन एकसंध राहिला तर जास्त. कालवलेला माल अर्ध्या तासात संपवायचा, म्हणून एका वेळी पाव पोतंच सिमेंट घ्यावं. घट्ट होऊ लागलेला माल दाबला, की सिमेंटची पकड तुटते.

साच्याची मापं २३०, १९० आणि १०० मिलिमीटर असतील, तर प्रत्येक विटेला साडेआठ किलोच्या आसपास ओला माल लागतो. तो दर वेळी तोलूनच घालायचा. घमेल्याच्या अंदाजाने भरला, तर एक वीट घट्ट होते आणि दुसरी पोकळ. बघा, झाकण उघडलं, वीट वर आली. आता ती कडेने दोन्ही तळव्यांत उचलायची. बोटं रुतली, तर कोपरा गेलाच.

पहिला दिवस सावलीत, एकाच थरात. दुसऱ्या दिवशी रचून गोणपाट झाकायचं आणि तीन आठवडे ओल मोडू द्यायची नाही. सगळ्यात जास्त विटा वाया जातात त्या इथेच. आठवडाभरात वीट वरून कडक दिसते, म्हणून पाणी मारणं थांबतं. म्हणून परीक्षा ओल्या विटेची घ्यायची: चोवीस तास पाण्यात बुडवून कडेवर नखाने ओरखडा मारायचा. माती सुटली, तर तो घाणा भिंतीत वापरू नका.

हिशोब असा. वीस बाय पंधरा फुटांच्या, नऊ फूट उंच घराच्या बाहेरच्या भिंतींना दारं-खिडक्या वजा जाता दोन हजारांच्या आसपास विटा लागतात. एका पोत्यात साधारण ऐंशी निघतात, म्हणजे विटांपुरतं सिमेंट पंचवीस पोती. प्रधानमंत्री आवास योजनेने २०१६ मध्ये सपाट भागातल्या ग्रामीण घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये ठरवले. त्या रकमेत भट्टीची वीट आणि दोन्ही बाजूंचा गिलावा बसवणं जड जातं.

जोतं मात्र दगडाचं, जमिनीपासून दीड-दोन फूट वर. जोडणीला एक भाग सिमेंट, दोन भाग माती, सहा भाग वाळू. इथे 'मजबूत' माल नको. सांधा विटेपेक्षा ताठ झाला, की तडा थेट विटेतून जातो. दारं-खिडक्यांवरच्या लिंटेलच्या पातळीवर सगळ्या भिंतींवरून काँक्रीटचा सलग पट्टा फिरवावा, भूकंपात तोच भिंती एकत्र धरतो. छप्पर भिंतीबाहेर किमान दोन फूट यायला हवं. तेवढं जमलं तर बाहेरून गिलावा लागत नाही, दरजा भरल्या की पुरे. विजेच्या पाइपांची जागा बांधतानाच सोडावी. मागाहून छिन्नी लावली, तर विटांच्या कडा ढासळतात.