100 च्या स्पीडला ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं? लगेच डिस्क बदलू नका

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. गाडी 90-100 ला गेली की ब्रेकला पाय न लावताच स्टेअरिंग थरथरत असेल, तर ते बॅलन्सिंगचं काम आहे, नाहीतर टायरला फुगा आलाय, नाहीतर एखादा खड्डा रिमला लागलाय. आज तो विषय नाही. आज आपण बोलतोय ब्रेक दाबल्यावरच सुरू होणाऱ्या आणि पाय काढला की बंद होणाऱ्या थरथरीबद्दल. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर 100 ने चाललाय, पुढे ट्रकने लेन बदलली, तुम्ही ब्रेक दाबला आणि हातात स्टेअरिंग असं, हे असं नाचायला लागलं. आणि 40 च्या खाली आलं की गायब.

गायब का होतं सांगतो, कारण लोक तिथेच फसतात, "शहरात काही होत नाही ओ" म्हणून महिनोन्महिने तशीच चालवतात. साध्या हॅचबॅकचं चाक 100 च्या स्पीडला सेकंदाला साधारण 14 वेळा फिरतं. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची थाळी; तिच्यावर एक जागा बाकीच्यापेक्षा जाड किंवा बारीक असेल तर सेकंदाला 14 धक्के. आता सस्पेन्शन आणि स्टेअरिंगची स्वतःची हलण्याची जी लय असते ती बऱ्याच गाड्यांत याच्याच आसपास, म्हणून झोका नेमक्या वेळी ढकलल्यासारखं होतं आणि छोटा धक्का मोठा होऊन हातात येतो. 40 ला तेच धक्के पाच-सहा, फार तर पायाला जाणवतील. म्हणजे दोष तिथेच आहे, फक्त गप्प बसलाय.

बरं, पुढचं की मागचं? स्टेअरिंग थरथरलं तर बहुतेक पुढच्या डिस्क, सीट आणि बूड हललं तर मागचं बघा, आणि मागे डिस्कऐवजी ड्रम (डब्यासारखा ब्रेक) असेल तर ड्रम गोल राहिलेला नसतो. खात्री करायची तर रिकामा सरळ कोरडा रस्ता, मागे कोणी नाही, स्पीड 30-40, हँडब्रेकचं बटण दाबून धरायचं आणि हळूऽ ओढायचा. हादरली तर मागचं. दांडा नसलेला, नुसत्या बटणाचा इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर हे करू नका. आणि हो, जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली खडखडखड होतं ते एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम, ते तसंच असतं, त्यासाठी गॅरेज गाठू नका.

आता माझी स्वतःची फजिती. गाडी पावसाळाभर कोकणात गावच्या घरी उभी. दिवाळीत पुण्याला यायला निघालो तर ही थरथर. एका गॅरेजवाल्याने बॅलन्सिंग-अलाइनमेंट केलं, फरक शून्य. मग म्हणाला डिस्क बेंड झाल्यात, दोन्ही नव्या टाकल्या, डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड नवे टाकले, गाडी लोण्यासारखी थांबायला लागली, मी खूश. तीन महिन्यांनी परत तेच! आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ना, अगदी तसं.

कारण डिस्क सहसा बेंड होतच नाही. हे इथे बघा, कॅमेरा जवळ आण जरा. ही हब. ज्याच्यावर डिस्क बसते ती. हा तांबूस थर दिसतोय? गंज. नवीन डिस्क याच्यावर तशीच बसवली होती. हबवर एका बाजूला 0.05 मिलिमीटरचा कण राहिला की डिस्क तिरकी बसते, आणि डिस्क हबपेक्षा मोठी, त्यामुळे कडेला तो फरक दीडपटीच्या वर जातो. आता ही तिरकी डिस्क फिरताना तिची एकच जागा, ब्रेक दाबलेला नसतानासुद्धा, पॅडला घासत राहते. रोज थोडी थोडी. काही हजार किलोमीटरनंतर ती जागा बारीक झालेली, बाकीची डिस्क जाड, आणि जाडीत 15-20 मायक्रॉनचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) फरक पडला तरी पाय आणि स्टेअरिंग दोन्ही सांगायला लागतात. केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा. म्हणून नवी डिस्क तीन महिने छान वाटते. बदलणारा खोटं बोलत नव्हता, त्याने खालची जागा पुसली नव्हती एवढंच.

दुसरं कारण पॅडचा छाप. घाटात. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना साधारण 500 मीटर उंची खाली येते, 1200 किलोची गाडी धरली तर ती सगळी एनर्जी म्हणजे 100 वरून बारा-तेरा वेळा थांबवल्याएवढी. ज्याने गिअर न वापरता ब्रेकवर उतरवली त्याच्या डिस्क तापून लाल व्हायच्या बेतात, आणि खाली ट्रॅफिकमध्ये तोच ब्रेक घट्ट दाबून उभा. पॅडचा मसाला तिथेच चिकटतो, डाग पडतो. कोकणात उभ्या गाडीत पॅडच्या आकाराचा गंज धरतो तोही याचाच भाऊ.

कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या भागाच्या, पिना हाताने सरकतात का तेही बघा, जाम असेल तर एकच पॅड काम करतो. आणि चाकाचे नट एअर गनने एकाच दमात कचकचून आवळू देऊ नका, नाहीतर डिस्क परत तिरकी बसते; आडवे-तिडवे, ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क रेंचने, आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

मी काय केलं? हब वायर ब्रशने चकचकीत, डिस्कची आतली बाजू पण. डिस्कच्या कडेवर मिनिमम जाडी कोरलेली असते, माझ्या अजून वर होत्या म्हणून लेथवर फेसिंग मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट घासून, आणल्या, नवीन घेतल्या नाहीत. चाकाच्या बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही हे आधीच तपासलंय. आता नट लावून डिस्क घट्ट धरलीय, डायल गेज, म्हणजे फिरताना डिस्क किती डुलते ते मोजणारं काट्याचं मीटर, कडेपासून 10 मिलिमीटर आत. बऱ्याच गाड्यांना या डुलण्याचं लिमिट 0.05 ते 0.1 मिलिमीटरच्या दरम्यान असतं. फिरव रे पोरा, हळू... काट्याकडे बघा... 0.03. आधी 0.14 होतं. चल, आण चाक.