सुतार हत्यार देत नसतो

परांचीवर चढण्याआधी बेल्ट तपासायचा, हे आता नवखा हेल्परसुद्धा सांगतो. माणूस पडू नये म्हणून आपल्याकडे जाळी आहे, कठडा आहे, रोज सकाळी टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू होण्याआधीचं सुरक्षेचं छोटं बोलणं आहे. पण जो आतून खचलाय त्याच्यासाठी साइटवर काय आहे? मी सेफ्टीचं काम करतो आणि बरीच वर्षं याचं माझं उत्तर ‘काही नाही’ हेच होतं.

आमच्याकडे शटरिंगचा, म्हणजे काँक्रीट ओतायचे साचे बांधणारा एक सुतार होता. बोलणं कमी, हात नेमका. त्याच्या हातोड्याला कुणी हात लावला तर शिव्या ठरलेल्या. एक दिवस त्याच्या हाताखालचा पोरगा खुशीत माझ्याकडे आला. “साहेब, काकांनी हातोडा मला देऊन टाकला. रंधापण.” मी म्हणालो, “मजा आहे लेका तुझी,” आणि पुन्हा रजिस्टरमध्ये डोकं घातलं. शेजारी मुकादम उभा होता. तो म्हणाला, “साहेब, सुतार हत्यार देत नसतो.” एवढं बोलून तो सेंट्रिंगकडे चालायला लागला.

दुपारच्या सुट्टीत मुकादम त्या सुताराजवळ जाऊन बसला. आधी दोघं नुसतेच बसून होते. मग त्याने सरळ विचारलं, “जीव द्यायचं मनात येतंय का?” सुतार बराच वेळ खाली बघत राहिला आणि म्हणाला, “येतंय.”

हा प्रश्न विचारायला आपण घाबरतो. नसलेला विचार आपणच त्याच्या डोक्यात घालू, असं वाटतं. संशोधकांनी हे तपासलंय. विचारल्यामुळे असे विचार वाढल्याचं आढळलेलं नाही, उलट अनेकांना सुटल्यासारखं वाटतं. फक्त “काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?” असं विचारू नका. त्याला ‘नाही’ हेच उत्तर येतं, कारण तुम्ही तेच मागितलेलं असतं.

त्या दिवशी मी रजिस्टर मागे चाळलं. वर्षभर एकही खाडा न करणाऱ्या त्या माणसाचे पंधरा दिवसांत चार खाडे होते. नोंद माझ्याच अक्षरात होती! झोप उडणं, दारू वाढणं, बेल्ट न लावता काठावर जाणं, एकटं बसणं, “माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही” असं बोलणं, या खुणा पुस्तकात दिलेल्या असतात. पण पुस्तक त्या माणसाला ओळखत नाही. शेजारी काम करणारा ओळखतो.

आकडे थोडेच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात दरवर्षी सात लाखांहून जास्त माणसं आत्महत्येने जातात. अमेरिकेत २०२१ मध्ये बांधकाम क्षेत्रातल्या पुरुषांत हे प्रमाण लाखामागे ५६ होतं, सगळ्या कामकरी पुरुषांत मिळून ३२. इंग्लंडमध्ये २०११ ते २०१५ या काळात बांधकामावरच्या अकुशल पुरुष मजुरांमधला धोका तिथल्या पुरुषांच्या सरासरीच्या ३.७ पट निघाला. मृत्यूच्या नोंदीत व्यवसाय नीट लिहिला तरच असा आकडा मिळतो. जिथे तो लिहीतच नाहीत, तिथे आकडा नसतो, म्हणून प्रश्नही नाही असं धरून चालतात.

हे का होतं? एका कारणाने क्वचितच. काम संपलं की पुढचं मिळेलच असं नाही. पैसे उशिरा येतात, कर्जाचा हप्ता मात्र वेळेवर येतो. घर लांब राहतं. कंबर आणि खांदे कायमचे दुखतात, ते दाबायला गोळी किंवा बाटली येते, आणि मग तिचंच दुखणं होऊन बसतं. वर ‘मर्दाने रडू नये’ आहेच.

पण गप्प बसण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे रोजंदारी बुडण्याची भीती. “माझं डोकं ठिकाणावर नाही” असं म्हणणाऱ्याला उद्या गेटवरून परत पाठवणार असाल, तर तो कशाला बोलेल? मीही नसतो बोललो. ठेकेदार मंडळींना स्पष्टच सांगतो, आधी हजेरी, मग समुपदेशन. त्या सुताराला आम्ही उंचीवरून खाली घेतलं, फळ्या मोजायचं काम दिलं, आणि रोजंदारी तेवढीच ठेवली. हे केलं नसतं तर मुकादमाचं विचारणं फुकट गेलं असतं. पहिल्या दिवशी त्याला एकटं सोडलं नाही. संध्याकाळी मुकादम स्वतः त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला. ‘जाऊन ये’ म्हणून पाठवलं नाही, बरोबर गेला. हा फरक मोठा असतो. सगळं गुपित ठेवायचं वचनही दिलं नव्हतं. कुणाकुणाला सांगावं लागेल ते आधीच त्याला सांगितलं होतं.

ऑस्ट्रेलियात २००८ पासून ‘मेट्स इन कन्स्ट्रक्शन’ हा उपक्रम याच धर्तीवर चालतो. साइटवरच्या सगळ्यांना थोडं, त्यातल्या काहींना जास्त प्रशिक्षण देतात, आणि त्या काहींच्या हेल्मेटवर स्टिकर असतं. कुणाशी बोलायचं ते लांबूनच कळतं. डॉक्टर साइटवर येत नाही, पण त्याच्यापर्यंत नेणारा माणूस साइटवरच असतो. त्यासाठी वेगळं ऑफिस लागत नाही. सकाळच्या टॉकमधली पाच मिनिटं आणि हेल्मेटच्या आत चिकटवलेला हेल्पलाइनचा नंबर, एवढ्यापासून सुरुवात होते. बहुतेक देशांत असा नंबर असतो. भारतात टेली-मानसचा १४४१६ आहे, दिवसरात्र चालतो. आणि टॉक देणाऱ्याने आधी स्वतःचं काही सांगावं. कागद वाचून दाखवलात तर माणसं घड्याळाकडे बघतात.

त्या सुताराचं बरं होणं काही सरळ रेषेत झालं नाही. औषधं मध्येच सोडली, पुन्हा दोन खाडे झाले, पुन्हा मुकादम गेला. कर्जाचं गणित अजून पूर्ण सुटलेलं नाही. पण तीनेक महिन्यांनी तो त्या पोराकडे गेला आणि म्हणाला, “हातोडा आण.” पोराने आणून दिला. त्याने मधल्या काळात दांडा बदलला होता. पुढचे दोन दिवस सुतार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की दांडा जड झालाय, पोराला अक्कल नाही.