भाड्याच्या स्कूटी कमी केल्या की अपघात कमी होतात का?

(मालवणात पर्यटन व्यावसायिकांसमोर दिलेलं व्याख्यान, बोलण्यातली पुनरुक्ती काढून)

मंडळी, मी सावंतवाडीत ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, बावीस वर्षं झाली, म्हणजे लोक गाडी शिकताना कुठे चुकतात ते रोज डोळ्यासमोर बघतोय. आज समोर स्कूटी भाड्याने देणारे बसलेत, होमस्टेवाले आहेत, मागे तीनचार रिक्षावाले पण दिसतायत. मघाशी चहा घेताना एकाने विचारलंच, "आमचो धंदो बंद करतले की काय?" भीती खरी आहे. तिकडे गोव्यात रेंटच्या गाड्यांना नवे परवाने देऊ नका ही मागणी जोरात आहे, सरकारकडूनही तशी भाषा येते, आणि गोव्यात जे आज होतं ते आपल्याकडे काही वर्षांनी होतंच.

मागणी करणारे लोक वाईट नाहीत हे आधी सांगतो. कळंगुट, बागा, हणजूण या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी स्वतःच्या गेटमधून बाहेर पडता येत नाही, समोरून येणारी गाडी कुठे वळणार हे त्या चालवणाऱ्यालाच माहीत नसतं, एक हात हँडलवर आणि एका हातात मॅप. त्याच्या मुलाला शाळेतून आणताना जीव मुठीत असतो. त्याने म्हटलं की या गाड्या कमी करा, तर त्याचं म्हणणं ऐकायलाच हवं.

पण गाड्या कमी केल्या की अपघात कमी होतील का, हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी 2020 साल बघा. 2019 ला गोव्यात 80 लाखांच्या आसपास पर्यटक आले होते, 2020 ला कोरोनामुळे ते 30 लाखांच्या आसपास आले, म्हणजे निम्म्याहून खूप कमी. रेंटच्या स्कूटी ओळीने धूळ खात उभ्या होत्या, स्थानिक माणूससुद्धा कित्येक महिने घरातच होता. तरी त्या वर्षी गोव्यात रस्ते अपघातात दोनशेच्या वर माणसं गेली. एरवी ती अडीचशे ते तीनशेच्या मधे जातात. कमी झाली, नाही असं नाही, पण पर्यटक ज्या प्रमाणात कमी झाले त्या प्रमाणात मृत्यू कमी झाले नाहीत. याचा अर्थ गोव्याच्या रस्त्यावर मरणारा माणूस बहुतेक वेळा कामावर जाणारा, बाजारातून येणारा, तिथलाच असतो, आणि तो स्वतःच्याच दुचाकीवर असतो. परवाना थांबवून त्याचा जीव वाचत नाही.

मग सगळ्यांना रेंटचीच गाडी का दिसते? कारण तिची पाटीच वेगळी असते. काळी पाटी, पिवळे आकडे. अपघात झाला, फोटो आला, काळी पाटी दिसली की विषय संपला. आणि दिल्लीतून रस्ते वाहतूक मंत्रालयाचा जो वार्षिक अहवाल निघतो त्यात दुचाकी, कार, ट्रक, रिक्षा असे रकाने असतात, भाड्याची गाडी असा वेगळा रकाना नसतो. म्हणजे एक बाजू फोटो दाखवते आणि दुसरी बाजू फोटो खोटे म्हणते. माझी पहिली मागणी हीच आहे की अपघाताची नोंद करताना गाडी भाड्याची होती का, आणि ती घेऊन किती तास झाले होते, एवढं लिहून घ्या.

किती तास हे का म्हणतो ते सांगतो, कारण माझ्या दृष्टीने सगळी गोम तिथे आहे.

पुण्यातला मुलगा घ्या. रोज स्कूटर चालवतो, लायसन आहे, हात चांगला आहे. तो इथे येतो आणि त्याला वाटतं की इथे तर ट्रॅफिकच नाही. पण त्याचा हात सपाट, रुंद, दिवे असलेल्या रस्त्याला सवयीचा आहे. आपला रस्ता एका गाडीचा, आणि डांबराच्या कडेला साईडपट्टी चार बोटं, कुठे वीतभर खाली. समोरून डंपर आला, हा खाली उतरला, इथपर्यंत ठीक, पण परत वर चढताना चाक डांबराच्या कडेला घासतं आणि गाडी आडवी होते. वळणावर चिऱ्याची बारीक खडी पसरलेली असते, हा घाबरून पुढचा ब्रेक दाबतो आणि पुढचं चाक सटकतं. 2019 पासून नव्या छोट्या स्कूटरना डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकं धरणारी सिस्टीम सक्तीची झाली, खूप चांगलं झालं, पण तुमच्यातल्या किती जणांच्या गाड्या त्याच्या आधीच्या आहेत, आणि नव्या असतील तरी ब्रेकशू कधी बदललेत? मागे बायको बसलेली, पायाशी बॅग, उतार, म्हणजे गाडी थांबायला रोजच्यापेक्षा जास्त जागा लागते आणि हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. त्यात रस्त्यात बसलेली गुरं. त्यात जूनचा पहिला पाऊस, तेव्हा तेल आणि लाल माती मिळून रस्त्याचा साबण होतो. त्यात दारू, आणि तो विषय या सगळ्यांच्या वरचा आहे.

मी स्वतः एकदा रात्री कुडाळहून येताना एका जोडप्याला उचललंय. उतारावरच्या वळणात पडले होते. दुपारीच गाडी घेतली होती. हेल्मेट होतं, डिकीत होतं. मुलीच्या डोक्याला लागलं होतं आणि ती एकसारखं तोच प्रश्न विचारत होती, आपण कुठे आहोत, आपण कुठे आहोत, आणि मुलगा तिला प्रत्येक वेळी मालवण, मालवण असं सांगत होता. तिला गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात न्यावं लागलं. मालवणपासून ते शंभर किलोमीटरच्या वर आहे, रात्रीची वेळ, तुम्हीच हिशोब करा. ती वाचली. पण तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

त्या वेळी मालवणात भाड्याच्या पाचशे स्कूटी होत्या की पन्नास, याने त्या वळणावर काय फरक पडला असता? त्या मुलाला पन्नासातली एक मिळाली असती. आणि नसती मिळाली तर त्याने कोणाची तरी घरची, पांढऱ्या पाटीची स्कूटी घेतली असती. मर्यादा घातली की हेच आधी होतं. कायद्याने रेंट-अ-मोटारसायकल योजना 1997 ची आहे, परवान्याला किमान पाच गाड्या लागतात, कारची योजना 1989 ची, तिला किमान 50 गाड्या. आता ज्याच्याकडे एक जादा स्कूटी आहे तो यात कुठे बसतो? तो पांढऱ्या पाटीवरच देतो. आणि ऐका, हे मी दम द्यायला सांगत नाही, काळजीने सांगतोय, खासगी गाडीच्या विम्यात ती भाड्याने द्यायची परवानगीच नसते. माणूस गेला तर कंपनी हात वर करते आणि नुकसानभरपाई तुमच्या घरादारावर येते. लायसन नसलेल्याला गाडी दिली तर मालकाला 5000 रुपये दंड किंवा तीन महिने कैद, किंवा दोन्ही. परवाने बंद झाले की धंदा बंद होत नाही, तो अंधारात जातो, आणि अंधारातल्या गाडीचा ब्रेक कोणी तपासत नाही.

बाहेरचं एक उदाहरण मला फार शिकवून गेलं. बर्म्युडा नावाचं छोटं बेट आहे अटलांटिक समुद्रात. रस्ते आपल्यासारखेच अरुंद, वेगमर्यादा तासाला 35 किलोमीटर, स्थानिकांना सुद्धा घरटी एकच कार. पर्यटकाला तिथे वर्षानुवर्षं कार भाड्याने मिळतच नव्हती, अगदी कडक. मग पर्यटक काय घेणार? मोपेड. ज्याने आयुष्यात दुचाकी चालवली नाही तो मोपेडवर. तिथल्या हॉस्पिटलातल्या नोंदींवरून डॉक्टरांनी अभ्यास केले तर मोपेडवर जखमी होण्याचं पर्यटकांचं प्रमाण स्थानिकांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. शेवटी 2017 ला दोन माणसांच्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्या भाड्याने द्यायला परवानगी दिली. म्हणजे एक गाडी बंद केली तर माणूस दुसऱ्या कुठल्या गाडीवर बसणार, हे आधी बघायला लागतं. बालीमध्ये 2023 च्या मार्चमध्ये गव्हर्नरने जाहीर केलं की परदेशी पर्यटकांना मोटारसायकल भाड्याने देणार नाही. गावोगावी ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांनी लगेच विचारलं की आम्ही खायचं काय, आणि सरसकट बंदी काही झाली नाही.

याउलट माथेरान घ्या. दस्तुरीला गाडी ठेवा आणि पुढे पायी, घोडा, मिनी ट्रेन, आता ई-रिक्षा. तिथे बंदी चालते, कारण ती सगळ्यांच्या गाड्यांना आहे आणि पुढे जायचा दुसरा मार्ग आहे. इथे तो मार्ग कुठे आहे? तारकर्लीत उतरलेला माणूस रात्री जेवून परत कसा जाणार, एसटी मिळणार का त्याला? रिक्षा मिळेल, पण भाडं ठरलेलं नसतं म्हणून तो घाबरतो, रिक्षावाल्या भावांनो रागावू नका, पण त्या भीतीनेच तो स्कूटी घेतो.

आता मर्यादा कुठेच नको असंही मी म्हणणार नाही. देवबाग बघा. एका बाजूला कर्ली नदी, एका बाजूला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी आणि एकच रस्ता. मे महिन्यात आणि डिसेंबरअखेर तिथे अँब्युलन्स आत गेली तर बाहेर निघणं कठीण. तिथे गाड्यांची संख्या हाच धोका आहे, तिथे मर्यादा हवी, पण ती रेंटच्या स्कूटीलाच का? मुंबई-पुण्याहून येणाऱ्या मोठ्या गाड्या जागा जास्त खातात. मर्यादा घालायची तर त्या रस्त्यावर, त्या दिवसांत, सगळ्यांना घाला, अलीकडे पार्किंग करा आणि आत गावच्याच रिक्षा चालवा.

बाकी ठिकाणी मला मर्यादा संख्येवर नको, देण्यावर हवी. कोणाला दिली, कशी दिली. हेल्मेटचंच घ्या. नीट बांधलेल्या हेल्मेटने दुचाकीवाल्याचा मृत्यूचा धोका साधारण 42 टक्के आणि डोक्याच्या इजेचा 69 टक्के कमी होतो, जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा आहे हा. 2022 ला देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 50 हजारांवर हेल्मेट नसलेली. आणि आपण देतो काय? एक हेल्मेट, त्याची पट्टी तुटलेली, आत घामाचा वास, मग तो माणूस ते डिकीतच टाकणार. दोन द्या, वेगवेगळ्या मापाची, धुतलेली. गाडीची मोठी दुरुस्ती निघते त्यापेक्षा हा खर्च किती लहान आहे.

माझ्या चुलतभावाकडे सहा स्कूटी आहेत. गेले दोन सीझन तो गाडी देण्याआधी गिऱ्हाइकाला समोरच्या उतारावर मागे माणूस बसवून एक फेरी मारायला लावतो. दहा मिनिटं लागतात. ज्याचे पाय फरफटतात त्याला तो सरळ सांगतो, दादा तुम्हाला रिक्षा बोलावतो, डिपॉझिट परत घ्या. काही जण चिडून शेजारच्याकडे जातात आणि शेजारचा देतो, हे त्याचं दुखणं आहे, आणि म्हणून ही गोष्ट एकट्याने होत नाही, सगळ्यांनी मिळून ठरवायला लागते. अंधार पडल्यावर नवीन गाडी द्यायची नाही, दारूचा वास आला तर किल्ली द्यायची नाही, ज्याला एकाने नाही म्हटलं त्याला दुसऱ्याने द्यायची नाही. व्हॉट्सॲपवर तुमचा ग्रुप आहेच.

सावंतवाडीत माझं ग्राऊंड रविवारी सकाळी सात ते नऊ रिकामं असतं. सीझन सुरू व्हायच्या आधी गाडी देणाऱ्या मुलांना पाठवा, गिऱ्हाइकाचा हात दहा मिनिटांत कसा ओळखायचा आणि त्याला न दुखावता नाही कसं म्हणायचं हे मी शिकवीन, पैसे नकोत. येताना आपापल्या स्कूटी घेऊन या, ब्रेक तिथेच बघू.