डोक्यातला खडा

[दृश्य: ससून डॉक, पहाट. ढोम्यांच्या पाट्या, बर्फ, लिलावाची बोली.]

ढोमा खाताना दाताखाली पांढरा खडा आला नाही, असा मासेखाऊ विरळाच. आपण तो ताटाच्या कडेला काढतो. माशाची जन्मपत्रिका तिथंच पडून राहते.

[दृश्य: प्रयोगशाळा. टाळूत शिरणारी सुरी, मग चिमटा.]

हा कानातला खडा. माशाला बाहेरून कान दिसत नाहीत, पण डोक्यात दोन्ही बाजूंना तीन-तीन खडे असतात. आवाजाच्या लाटेबरोबर मासा थरथरतो, खडा मात्र जड, तो मागे रेंगाळतो. त्या रेंगाळण्यावरूनच माशाला ऐकू येतं, तोलही सावरता येतो. ढोमा, कोथ, घोळ एकाच कुळातले; या घराण्यात खडे चांगलेच ठसठशीत. हा बघा, निघाला.

[दृश्य: खडा रेझिनमध्ये. फिरती चकती, पाण्याची धार.]

खडा धुवायचा, सुकवायचा, रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या डिंकासारख्या द्रवात, बसवायचा. मग हिऱ्याच्या धारेची चकती त्याचा बरोबर मधून काप काढते. अर्धा मिलिमीटरही जाड नाही. घाई केली की खडा जिथून वाढायला लागला तो मधला बिंदू निसटतो, म्हणजे जन्मच हातचा गेला. मग घासणं. अजून घासणं. इथं कंटाळा करून चालत नाही.

[दृश्य: सूक्ष्मदर्शक. पूर्ण पडदाभर वलयं.]

आणि हे. झाडाच्या बुंध्यासारखी वलयं. पिल्लाच्या खड्यात तर दिवसाला एक थर चढतो. 1971 साली हे पहिल्यांदा मांडलं गेलं. खवलं गळतं, नवं येतं. खडा मात्र जमा झालेलं काही परत देत नाही. भरपूर खाल्लं की वलय रुंद, उपासमार झाली की बारीक. थंड समुद्रात वर्षाची रेघ ठळक उमटते. आपलं पाणी बारमाही उबदार, त्यामुळे इथं रेघा पुसट आणि वाचणाऱ्याचे डोळे लाल.

नुसत्या लांबीवर वय ठरत नाही. मासा आयुष्यभर वाढतो, पण अंडी घालायला लागला की खाल्लेलं तिकडे जातं आणि वाढ मंदावते. हाताएवढ्या दोन माशांत एक तरणा, एक म्हातारा असू शकतो.

[दृश्य: पुन्हा डॉक. पाटीच्या तळाशी बोटभर पिल्लं.]

लाखो अंड्यांतली बहुतेक पिल्लं पहिल्या काही आठवड्यांतच कुणाच्या तरी पोटात जातात. उरलेल्यांना मोठे मासे, रोग, आणि आपली जाळी. म्हातारपणानं मरणारा मासा दुर्मीळच; थकला की कुणीतरी गिळतं. महाराष्ट्रानं 2023 मध्ये 54 जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. पाटीतली ही पिल्लं मात्र आजच पकडलेली आहेत.

[दृश्य: टेबल.]

खडा कागदी पाकिटात. वर लांबी, वजन, तारीख. पुढचं डोकं घ्या.