नकार माणसाला की घराला?

मघाशी दारातच एका ताईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "साहेब, बँकेनं आमचं घराचं कर्ज नाकारलं. आता पतसंस्थेत जावं का?" मी विचारलं, "का नाकारलं?" तर म्हणाल्या, "बसत नाही म्हणाले."

आज मला या "बसत नाही"बद्दलच बोलायचं आहे. एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी 31 वर्षं काढली. समोर बसलेल्या माणसाला हे दोन शब्द मीही ऐकवलेत आणि त्याचा चेहरा उतरताना पाहिलाय. माणूस उठतो, घरी जातो, आणि दुसऱ्या दिवशी जो कुणी "मी देतो" म्हणेल त्याच्या दारात उभा राहतो. नेमकं काय बसलं नाही, हे त्याला कळलेलंच नसतं. माझी पहिली विनंती हीच, की दुसरं दार शोधण्याआधी कारण लेखी मागा. कर्ज कितीही रकमेचं असो, नाकारल्याचं मुख्य कारण अर्जदाराला लेखी कळवावं, असं रिझर्व्ह बँकेनं 2007 सालीच बँकांना सांगून ठेवलंय. आपण मागत नाही, म्हणून मिळत नाही.

हे कारण हातात आलं की एकच गोष्ट बघायची. बँकेनं नाही कुणाला म्हटलंय, तुम्हाला की तुमच्या घराला?

तुम्हाला म्हटलं असेल, तर मार्ग पुष्कळ आहेत. सिबिल म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी संस्था. तिचा आकडा 300 ते 900 च्या दरम्यान असतो. तो कमी का आहे हे अहवालात दिसतं, आणि वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. आपल्याकडे त्यात हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे जामीनकी. मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला आपण जामीन राहिलेलो असतो, त्यानं हप्ते थकवलेले असतात, आणि डाग आपल्या नावापुढेही लागलेला असतो. मोबाईलच्या कर्जाचे शेवटचे दीड-दोन हजार राहून गेलेले असतात. नोंदच चुकीची असेल तर तक्रार करा. 30 दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. आणि ज्यांनी आयुष्यात कधी कर्जच घेतलं नाही, त्यांनी तर अजिबात खचू नये. आधीचं कर्ज नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, आणि रिझर्व्ह बँकेनं किमान आकडा कोणताच ठरवून दिलेला नाही, हे 2025 मध्ये अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलंय.

दुसरं कारण उत्पन्नाचं. पैसा येतो, पण कागदावर दिसत नाही. रिक्षावाले, गवंडी, शिलाईकाम करणाऱ्या बायका, आठवडी बाजारात बसणारे. गावातल्या संस्थेचं खरं मोल कळतं ते इथे. 2009 सालची गोष्ट सांगतो. मिरजेत खानावळ चालवणाऱ्या एक बाई आमच्याकडे आल्या. दोन खोल्यांची जागा घ्यायची होती, 3 लाख कमी पडत होते. एका मोठ्या बँकेनं आयकराची विवरणपत्रं नाहीत म्हणून परत पाठवलं होतं. त्यांच्या पिशवीत पिग्मीची पुस्तकं होती, सहा वर्षांची. रोज 150 रुपये. आमच्या पिग्मी एजंटला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "पावसात मी गेलो नाही तर त्या शाखेत येऊन भरतात." 150 रुपये रोज म्हणजे महिन्याला साडेचार हजार. 13 टक्क्यांनी 12 वर्षांचा हप्ता बसत होता 4,125 च्या आसपास. ती पुस्तकंच मी उत्पन्नाचा पुरावा म्हणून फाईलीला लावली. अशी माणसं ओळखणं हे कुठल्या यंत्राचं काम नाही. बडोद्याला 1889 मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहाय्यकारी मंडळी काढली, तेव्हापासून आपल्या सहकाराचा पाया हाच आहे.

आता ही दारं कोणकोणती? नागरी सहकारी बँक. तिथं सभासद व्हावं लागतं, तारणकर्जाला साधारण अडीच टक्के रक्कम भागभांडवलात जाते, ती हिशेबात धरा. नोकरदार असाल तर पगारदारांची पतसंस्था. तिचा हप्ता सहकार कायद्याच्या कलम 49 खाली पगारातूनच कापला जातो, म्हणून ती आकड्याकडे फारशी बघत नाही. मग गृहकर्ज देणाऱ्या खाजगी कंपन्या. 2019 पासून त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण आहे. त्यातल्या कित्येकांची माणसं दुकानात येऊन बसतात, गिऱ्हाईक बघतात, वही चाळतात आणि त्यावरून उत्पन्न ठरवतात. दर चढा असतो. पण बदलत्या दराचं कर्ज वैयक्तिक नावावर असेल तर मुदतीआधी फेडायला त्या दंड लावू शकत नाहीत. दोन-तीन वर्षं हप्ता चुकवू नका, आकडा सुधारला की कर्ज बँकेत फिरवून घ्या.

गावातली पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेखाली येत नाही. ती सहकार खात्याच्या निबंधकाखाली. तिथं व्याज विचारताना नीट विचारा, नाहीतर कोपऱ्यावरची पाटी फसवते. 10 लाख, 10 वर्षं, 9 टक्के. घटत्या शिलकेवर हिशेब केला तर हप्ता येतो 12,668. तेच 9 टक्के मूळ रकमेवर सरसकट लावले तर 15,833. म्हणजे खरा दर साडेचौदा टक्के झाला! महिन्याला 3,165 चा फरक, 10 वर्षांत पावणेचार लाखांहून जास्त. पाटी एकच. बँका आणि कंपन्यांना ऑक्टोबर 2024 पासून सगळा खर्च धरून वार्षिक दर एका कागदावर छापून द्यावा लागतो. पतसंस्थेत तो स्वतः कागदावर मांडून घ्या, व्यवस्थापकाची सही घ्या. आणि जामीनदारांना घरी बोलावून नीट सांगा, की थकलं तर सहकार कायद्याच्या कलम 101 खालचा वसुलीचा दाखला त्यांच्याही नावानं निघतो. चहा पाजून सह्या घेऊ नका.

आता बँकेनं घराला नाही म्हटलं असेल तर? ही गोष्ट मला जास्त पोटतिडकीनं सांगायची आहे. सांगलीत आपल्याला गुंठेवारी नवी नाही. बिनशेती न केलेली जमीन, गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे, नोटरीचा कागद. नियमित करण्याचा कायदा 2001 मध्ये आला, 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. ज्यांचं प्रमाणपत्र निघालंय त्यांनी ते घेऊन पुन्हा बँकेत जावं. गावठाणातलं घर असेल आणि ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्याशिवाय, म्हणजे नमुना 8 शिवाय, काही नसेल, तर स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन सनद मिळतेय, ती आधी काढा.

पण कागद नसताना कुणी कर्ज देत असेल, तर तो तुमच्यावर मेहेरबानी करत नाही. बँकेच्या वकिलानं मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा शोध, म्हणजे सर्च, काढून खोट दाखवली, ती खोट तुमच्या घरातली आहे. कर्ज मिळालं म्हणून ती जात नाही. माझ्या ओळखीच्या एका रिक्षावाल्यानं असंच केलं. एका पतसंस्थेनं दोन जामीनदारांवर पैसे दिले, त्यानं नोटरीवर जागा घेतली. मूळ मालकाच्या पुतण्यानं वाटणीचा दावा लावला. रिक्षावाला आजही हप्ता भरतोय, आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही. मला त्या माणसाकडे बघवत नाही. बँकेनं त्याला सात महिने आधी सांगितलं होतं, पण त्याला वाटलं बँक गरिबाला उभं करत नाही.

सावकाराबद्दल थोडक्यात. परवाना असला तरी 2014 च्या कायद्याखाली बिगरशेतकऱ्याला तारणावर वर्षाला 15 आणि विनातारण 18 टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. "शेकडा पाच" म्हणजे महिन्याला पाच, वर्षाला 60 टक्के. शिवाय दामदुपटीचा नियम आहे, मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. आणि खरेदीखतावर सही तर कधीच करू नका. "मुदत खरेदी आहे हो, पैसे दिले की पलटवून देतो," असं म्हणतात. नोंद मात्र खरेदीची होते. अशा सावकारीत गेलेल्या जमिनीसाठी, घरासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, जागा परत मिळाल्याची उदाहरणं आहेत. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले तेव्हा त्यांनी शोधून शोधून सावकाराकडची खतं जाळली होती. कुठल्या सहीनं आपण अडकलो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेवटचं, मूळ कागदांचं. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत कागद परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये, हा नियम डिसेंबर 2023 पासून बँकांना आणि गृहकर्ज कंपन्यांना आहे. पतसंस्थेला तो लागू नाही. म्हणून कुठेही गेलात तरी कागद देताना यादी करून पोच घ्या.

त्या खानावळवाल्या बाईंनी 2021 मध्ये शेवटचा हप्ता भरला. कागद न्यायला आल्या तेव्हा त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत 12 वर्षांपूर्वीची पोच होती. एकेक कागद त्या पोचेवर बोट ठेवून बघत गेल्या. सातव्या क्रमांकावर थांबल्या. मूळ खरेदीखताची इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, नव्हती. शाखाधिकारी म्हणाले, "मावशी, ती ऑनलाईन निघते, काळजी करू नका." त्या म्हणाल्या, "दिली होती ती द्या." दोन तासांनी ती दुसऱ्याच एका फाईलीत सापडली. तोवर त्या खुर्चीवरून उठल्या नव्हत्या.