वाढीव खोलीचे छत आणि नागपूरचे ऊन

मित्रहो, मागच्या अंगणात किंवा गच्चीवर एक खोली वाढवायची ठरली की पहिला प्रश्न येतो तो छताचा: स्लॅब घालावा, की पत्रा टाकावा? या प्रश्नाचा विचार आपण बहुधा पावसापासून सुरू करतो. मला वाटते, नागपुरात तो उन्हापासून सुरू व्हायला हवा. 23 मे 2013 रोजी या शहरात 47.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले होते, आणि हे झाले सावलीतल्या हवेचे तापमान. त्याच हवेत दिवसभर उघड्यावर पडलेला पत्रा 60 अंशांच्या पुढे सहज जातो आणि जूनच्या पहिल्या सरीत काही मिनिटांत निवतो. पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या दशलक्षात 12 भागांनी वाढते. म्हणजे 6 मीटर लांबीचा पत्रा 50 अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटरहून थोडा अधिक सरकतो. ही सरक दररोज, वर्षानुवर्षे होत राहते आणि तिचा सगळा ताण स्क्रूच्या छिद्रांवर येतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत पत्रा गंजून जातो. आपल्याकडे पत्रा शाबूत असतानाच छिद्रे सैल होऊन छत गळू लागते.

नागपूरच्या महाल-इतवारीतल्या जुन्या घरांवरचे कवेलू (म्हणजे कौले) ही अडचण मुळातच टाळत असत, कारण प्रत्येक कवेलू सुटे असल्याने त्याला हलायला जागा होती आणि खालून हवा खेळत होती. त्यासाठी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागे, आणि वानरांच्या उड्यांनी फुटलेली कवेलू बदलावी लागत. आज हे काम जाणणारा माणूस वेळेवर मिळेल याची खात्री असेल, तरच त्या वाटेने जावे. सिमेंटच्या, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याचा विचारही करू नये. तो कापताना किंवा फुटताना उडणारे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि त्यांपासून कर्करोग होतो, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे.

राहता राहिले स्लॅब आणि रंगीत पत्रा. सव्वाशे मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला 300 किलोहून अधिक भरते, तर अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचे साधारण 5 किलो. जुन्या विटांच्या भिंतींवर वरचा मजला चढवायचा असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाया पाहिल्याशिवाय स्लॅबचे नावही काढू नये. जमिनीवरची खोली असेल आणि पुढे कधी वर बांधायचे असेल, तर मात्र स्लॅबच योग्य. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री ती खोलीत सोडतो. पत्रा दुपारी भाजतो, पण सूर्य मावळल्यावर लवकर निवतो. म्हणून ती खोली दुपारी वापरायची आहे की रात्री झोपायला, हे घरच्यांनी आधी ठरवावे. पत्र्याखाली हवेची पोकळी ठेवून आतून दुसरे छत केले आणि ती पोकळी वरच्या टोकाला हवा जाण्यासाठी उघडी ठेवली, तर झोपण्याची खोली मे महिन्यातही सुसह्य होते. रंग पांढरा किंवा फिका घ्यावा; विटकरी रंग दिसतो छान, पण ऊन शोषून घेतो.

पत्रा घेताना दुकानदार जी जाडी सांगतो ती बहुधा रंग आणि मुलामा धरून असते. आपण मूळ पोलादाची जाडी विचारावी, आणि मुलामा ॲल्युमिनियम-जस्ताचा, दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 150 ग्रॅमचा मागावा. पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नये, कारण तापलेल्या ठिणग्या रंगात रुततात आणि प्रत्येक ठिणगीच्या जागी पुढे गंजाचा ठिपका उमटतो. ओल्या सिमेंटचा गिलावाही त्यावर सांडू नये. त्यातला अल्क ॲल्युमिनियमला खातो. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारावेत, खोलगट भागात नव्हे, कारण पाणी खोलगटातून वाहते, आणि रबरी वॉशर उन्हात न तडकणारा घ्यावा.

सर्वांत नाजूक जागा असते ती नवे छत जुन्या भिंतीला भेटते तेथे. माझ्या स्वतःच्या घरी मिस्त्रीने तेथे नुसता सिमेंटचा गोळा भरला होता. एका उन्हाळ्यात तो भिंतीपासून सुटला आणि पुढच्या पावसात आईच्या पलंगावर पाणी ठिबकले. बारा बाय पंधरा फुटांच्या छतावर तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर आठशे लिटरहून अधिक पाणी उतरते, आणि उतार चुकला तर ते नेमके त्या सांध्याकडे वळते. आम्ही तो गोळा काढला, भिंतीत खाच घेतली, वाकवलेली पट्टी तिच्यात बसवून पत्र्यावर सैल सोडली आणि खाच लवचिक सीलंटने भरली. त्यानंतर पहिल्या पावसाची वाट न पाहता, मे महिन्यातच, अर्धा तास पाइपने पाणी सोडून छत खालून पाहिले. आपणही मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एवढे अवश्य करावे.